पावसाळ्यातलं बैहर: उशीर नको

मैकल डोंगरातलं पठार, सालाचं जंगल, बंजर नदी, धानाच्या बांध्या आणि बैगा-गोंडांची पांगलेली गावं, असा हा बालाघाट जिल्ह्यातला बैहर तालुका. पाऊस लागला की मलेरिया, साप आणि वीज ही तीन संकटं इथे एकाच वेळी दाराशी येतात. तिन्हींपासून वाचता येतं. घात करतो तो उशीर, आणि चुकीच्या समजुती उशिराला हातभार लावतात.

गैरसमज: मलेरियाचे डास गटारातच होतात.
वस्तुस्थिती: मध्य भारताच्या खेड्यांत मलेरिया मुख्यतः ‘ॲनाफिलीस क्युलिसिफेसीस’ या डासाची मादी पसरवते. तिला गटार नको असतं. ओढ्यातली डबकी, झिरपे, धानाची बांधी असं स्वच्छ, संथ पाणी तिला पुरतं. त्यामुळे अंगण लख्ख असलं तरी धोका टळत नाही. ही मादी रात्री चावते, म्हणून झोपताना मच्छरदाणी हवीच.

गैरसमज: हुडहुडी भरून दिवसाआड ताप आला, तरच मलेरिया.
वस्तुस्थिती: फाल्सिपेरम या प्रकारच्या मलेरियाचा ताप असा वेळापत्रकाने येईलच असं नाही. उपचार लांबला तर तो मेंदूपर्यंत जाऊन जीव घेऊ शकतो. लहान मुलं आणि गरोदर बायांना धोका अधिक. पावसाळ्यात कुठलाही ताप आला तरी २४ तासांच्या आत रक्त तपासून घ्यावं. आशाताईंकडच्या किटवर बोटातल्या थेंबभर रक्तातून १५-२० मिनिटांत निदान होतं. सरकारी तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. गुनियावर, म्हणजे गावातल्या मांत्रिकावर, श्रद्धा असली तरी आधी रक्ताची तपासणी करावी.

गैरसमज: ताप उतरला, आता गोळ्या कशाला?
वस्तुस्थिती: व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियाचे परजीवी यकृतात दडून राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स असतो. मात्र ही गोळी गरोदर बायांना आणि तान्ह्या बाळांना देत नाहीत, म्हणून ती विचारूनच घ्यावी आणि सुरू केली की पुरी करावी.

गैरसमज: सापाचं विष मंत्राने उतरतं.
वस्तुस्थिती: बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. असा दंश झालेला माणूस आपोआप बरा होतो आणि श्रेय मंत्राला मिळतं. मण्यारीचा दंश तर अनेकदा दुखतही नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. चिरू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. हातपाय न हलवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून, प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठावं.

गैरसमज: वीज पडलेल्याला हात लावला तर झटका बसतो.
वस्तुस्थिती: त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला घ्यावी. गडगडाट ऐकू आला की बांधीतून निघून पक्क्या घरात जावं. झाडाखाली थांबू नये. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजेचा इशारा देतं.

एक गोष्ट आजच करावी: कडा अंथरुणाखाली नीट खोचून मच्छरदाणी लावावी. ती डासालाही अडवते आणि मण्यारीलाही.