नजर तयार हवी, बॉस!

ऑफिसखालच्या पार्किंगमध्ये सगळ्या काळ्या बाइक्स आणि एकच लाल असेल, तर ती झटकन दिसते. पण तिथे लाल स्कूटर्स आणि काळ्या बाइक्स खच्चून भरल्यात अन् तुम्हाला हवीय लाल बाइक, तर? मग एकेका गाडीवरून नजर फिरवत बसा! रंग आणि आकार एकदम जुळवायचा म्हटलं की मेंदूला वेळ लागतो. अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी जेलाड यांनी १९८० मध्ये मांडलेला सिद्धांत हाच.

प्रयोगांत पडद्यावर रेघा दाखवतात. आडव्या लाल, उभ्या हिरव्या आणि त्यात एकच उभी लाल. सरावाने ती लवकर सापडू लागते. चष्म्याचा नंबर तोच, नजर मात्र तयार!

बीड जिल्ह्यात अशा नजरेवर कपाशी वाचते. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीलाही जुमानलं नाही, राज्यभरात शेतकऱ्यांचं कंबरडं मोडलं. ही अळी एकदा बोंडात शिरली की फवारा काही करत नाही. ती बाहेरून ओळखायची वेळ त्याआधीची, फुलातली. अळी आतून पाकळ्या धाग्यांनी बांधते, फूल उमलतच नाही. हीच डोमकळी.

गेवराई तालुक्यात माझ्या मावशीचं शेत आहे. बांधावरून मला तिथे नुसती फुलं दिसतात. आज उमललेली फिकट पिवळी, कालची गुलाबी होऊन मिटलेली. म्हणजे नुसता पिवळा रंग बघून चालत नाही, नुसतं मिटलेलं बघूनही नाही. “ऊन वर आल्यावर बघावं,” मावशी म्हणाली. “पिवळं असून तोंड मिटलेलं, पाकळ्या पिरगळलेल्या, तीच ती.”

हे तिला कुणी स्लाइड शोवर शिकवलेलं नाही. दर हंगामात हजारो फुलं बघून आलंय. (आपल्याकडे याला ट्रेनिंग म्हणतात आणि वर सर्टिफिकेट देतात!)

शंभरात दहा डोमकळ्या निघाल्या की फवारणीचा विचार करायचा, असा कृषी खात्याचा सल्ला असतो. मावशी चालता चालता डोमकळ्या खुडून पिशवीत टाकत होती, नंतर जाळायला. शेजारच्या सरीत तिची सून मोजत होती.

शंभर फुलं झाली. सात निघाल्या.

“आज औषध नको,” मावशी म्हणाली. “परवा परत बघू.”