माउंटन बायकिंग: आधी तोल, मग धाडस

डोंगरउतारावरून भरधाव सुटलेल्या सायकलस्वारांचे व्हिडिओ पाहून काहींना या खेळाची ओढ लागते, तर काही जण तेच व्हिडिओ पाहून त्याचा नाद सोडतात. हे काम छातीच्या माणसांचं, ही समजूत दोघांचीही असते. प्रत्यक्षात यातली पायाभूत कौशल्यं सपाट मैदानावर, चालण्याच्या वेगात शिकता येतात.

गैरसमज: पुढचा ब्रेक दाबला की सायकल उलटते, उतारावर फक्त मागचा वापरावा.
वस्तुस्थिती: ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो. ते जमीन घट्ट धरतं, मागचं हलकं होऊन घसरू लागतं. त्यामुळे थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते. फक्त मागच्या ब्रेकवर विसंबण्याचं एक उदाहरण: कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७६ साली सुरू झालेल्या ‘रिपॅक’ शर्यतीत जाड टायरच्या जुन्या सायकली धावत. त्यातल्या अनेकींना फक्त मागच्या हबमधला, पेडल उलटं दाबून लागणारा ब्रेक असे. सुमारे ३ किलोमीटरच्या त्या तीव्र उतारावर हब इतका तापे की आतलं ग्रीस जळून जाई आणि नव्याने भरावं लागे.

सायकल उलटते ती बहुधा हात ताठ असताना पुढचा ब्रेक एकदम करकचून दाबल्याने. प्रत्येक लिव्हरवर एकेक बोट ठेवून दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत न्यावेत. मुरमाड वळणावर वेग वळणाआधीच कमी करावा. कुठली लिव्हर कुठल्या चाकाची, हे सायकलीनुसार बदलतं, निघण्यापूर्वी तपासावं. सरावासाठी मैदानात रेघ ओढा आणि हळू वेगात तिथून ब्रेक लावा: आधी फक्त मागचा, मग अगदी हलक्या हाताने फक्त पुढचा, शेवटी दोन्ही. सायकल कुठे थांबते ते पाहिलंत की फरक आपोआप पटेल.

गैरसमज: उतारावर जितकं मागे सरकावं तितकं सुरक्षित.
वस्तुस्थिती: फार मागे गेल्यास पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल वळवूनही सायकल वळत नाही. सीट खाली घ्यावी, दोन्ही पेडल समपातळीत ठेवून त्यांवर उभं राहावं, टाचा किंचित खाली, कोपरं वाकलेली. भार पायांवर हवा. तळव्यांवर दाब येत असेल तर तुम्ही जास्त पुढे आहात. हँडलला लोंबकळल्यासारखं वाटत असेल तर जास्त मागे.

गैरसमज: दगड चुकवायचा तर त्याच्यावर नजर ठेवावी.
वस्तुस्थिती: दगडाकडे बघत राहिलात, तर चाक नेमकं त्याच्यावरच जातं. दगड एकदा हेरावा आणि नजर त्याच्या बाजूच्या मोकळ्या वाटेवर, काही मीटर पुढे न्यावी.

गैरसमज: टायरमध्ये हवा टाइट हवी.
वस्तुस्थिती: कडक टायर खड्यांवरून उसळतो. थोडा मऊ टायर जमिनीचा आकार घेतो आणि पकड वाढते. मध्यम वजनाच्या व्यक्तीने सव्वादोन इंची, ट्यूब असलेल्या टायरसाठी २५ ते ३० पीएसआयपासून सुरुवात करावी. त्याहून फार कमी केल्यास दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटून फाटते.

गैरसमज: फुल सस्पेन्शनची महागडी सायकल हवीच.
वस्तुस्थिती: शिकायला फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल पुरते. आपल्या मापाची फ्रेम, खात्रीचे ब्रेक आणि नीट बसणारं हेल्मेट यांत मात्र तडजोड नको.

गैरसमज: मागचं चाक घसरवत वळणं म्हणजे कौशल्य.
वस्तुस्थिती: लॉक झालेल्या चाकाची पकड घटते, शिवाय ते वाट खरवडतं. सह्याद्रीच्या पावसात त्या चरातून पाणी धावतं, माती वाहून जाते आणि पायवाटेची घळ होते. म्हणून चिखल असताना कच्च्या वाटेवर सायकल नेऊ नये. टेकडीवर चालणाऱ्यांचा हक्क पहिला: वेग कमी करावा, घंटी वाजवावी, त्यांना वाट द्यावी.

अवघड टप्पा आला की आधी थांबून तो पायी पाहावा. कुठून उतरायचं आणि कुठे थांबायचं हे डोळ्यांना दिसत नसेल, तर सायकल हातात धरून चालत उतरावं. त्यात कमीपणा काहीच नाही. आपल्याला काय जमतं हे ओळखणं हाही शिकण्याचाच भाग आहे.