सिग्नलचा हात एवढा जाड का?

मागच्या महिन्यात आमच्या भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात, टॅम्पा शहराजवळ नोकरीला आहे. गाडी मित्र चालवत होता, हा शेजारी बसलेला. लाल सिग्नलला गाडी थांबली तसा त्याने मोबाईल वर धरला आणि म्हणाला, "मामू, हा पाइप बघा जरा. आपल्याकडे एवढ्या पाइपावर पाण्याची टाकी उभी करतील. इथं याला तीन दिवे टांगलेत!"

खरंच तसं होतं. रस्त्याच्या कडेला भलामोठा पोलादी खांब, आणि त्यातून चौकावर आडवा निघालेला लांबलचक हात. मुळाशी माणसाच्या मांडीहून जाड, टोकाकडे निमुळता. आम्ही तो फोटो जपून ठेवला आणि नववीच्या वर्गात दाखवला. पहिल्याच बाकावरून प्रश्न आला, "सर, तिकडचे सिग्नल इतके जड असतात का?"

नाही, जड नसतात. तीन दिव्यांचा एक अ‍ॅल्युमिनियमचा सिग्नल वीस-पंचवीस किलोच्या घरात असतो, प्लॅस्टिकचा त्याहून हलका. घरात तांदळाची गोणी आपण उचलतोच की. मग एवढं पोलाद कशासाठी? आम्हालाही आधी वाटलं होतं, श्रीमंत देश आहे, पैसा जास्त झाला असेल. पण थोडं वाचलं, हिशोब मांडला, तेव्हा कळलं की तो हात दिव्याचं वजन पेलायला जाड केलेलाच नाही. तो वाऱ्यासाठी जाड केला आहे.

आधी लांबीचं बघू. अमेरिकेच्या नियमांत मुख्य सिग्नल थांबण्याच्या रेषेपासून किमान ४० फूट पुढे असावा लागतो, म्हणजे बहुतेक वेळा चौकाच्या पलीकडे, आणि रस्त्यापासून किमान १५ फूट उंच. शिवाय शक्यतो प्रत्येक लेनच्या डोक्यावर स्वतंत्र दिवा. एका बाजूला तीन-चार लेन, त्यात वळणाऱ्या गाड्यांच्या वेगळ्या. कडेच्या खांबातून निघालेला हात तिथपर्यंत पोचायचा तर १५ मीटर सहज लागतात. दुसऱ्या टोकाला आधार नाही. छताच्या सज्जासारखा तो एकाच बाजूने धरलेला असतो.

आता वारा. आपल्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, कुठल्या शहरात बांधकामासाठी वाऱ्याचा किती वेग धरायचा ते दिलेलं आहे. पुण्याला सेकंदाला ३९ मीटर, मुंबईला ४४, चेन्नईला ५०. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर याहून जास्त धरतात, पण आपण आपल्या मुंबईचाच आकडा घेऊ. सेकंदाला ४४ मीटर म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. त्याच मानकातलं सूत्र सोपं आहे, मुलांनी फळ्यावर केलं: वेगाचा वर्ग गुणिले ०.६. उत्तर येतं एका चौरस मीटरवर ११६१ न्यूटन, म्हणजे जवळपास ११८ किलोंचा दाब.

सिग्नलच्या मागे काळा पत्रा लावतात, उन्हात दिवा नीट दिसावा म्हणून. त्या पत्र्यासकट एका सिग्नलचं क्षेत्रफळ पाऊण-एक चौरस मीटर भरतं. म्हणजे पंचवीस किलोच्या दिव्याला वादळात वारा नव्वद-शंभर किलोंनी ढकलतो. आणि ढकलतो कुठे? खांबापासून १५ मीटरवर. दार बिजागरीजवळ ढकलून पाहा आणि कडीजवळ ढकलून पाहा, फरक हाताला कळतो. १५ मीटरवरचे ९५ किलो म्हणजे मुळापासून १ मीटरवर सव्वाचौदाशे किलो. हे एका दिव्याचं झालं. हाताला दिवे तीन, शिवाय रस्त्याच्या नावाची पाटी, आणि खुद्द पाइपावर लागणारा वारा वेगळाच.

वजन खाली ओढतं, वारा आडवा ढकलतो. म्हणून पाइप गोल किंवा अनेक बाजूंचा, म्हणजे सगळ्या दिशांना जवळपास सारखाच मजबूत. आणि सगळ्यात जास्त ताण मुळाशी, म्हणून मूळ जाड, टोक बारीक. आमच्या कोकणात कळकाची काठी ज्याने हातात घेतली आहे त्याला हे नव्याने सांगायला नको.

कळक पोकळ असतो, हाही मुद्दा आहेच. वर्तमानपत्राचं एक पान घट्ट गुंडाळून बारीक नळी करा, दुसरं सैल गुंडाळून जाड नळी करा. कागद तेवढाच, पण जाड नळी कमी वाकते. पोलादाचंही तसंच. पत्र्याची जाडी तीच ठेवून पाइपाचा व्यास दुप्पट केला तर पोलाद दुप्पट लागतं, पण ताकद चौपट होते आणि न वाकण्याचा गुण आठपट. आपल्याला रस्त्यावरून जे अवाढव्य दिसतं ते पोलादाच्या हिशोबात एवढं उधळं नसतं. (वर्गात एकाने विचारलं, मग चौपट व्यास का नाही करत? कारण जाड पाइपावर वाराही जास्त लागतो, आणि पत्रा फार पातळ राहिला तर तो पिचतो.)

इथपर्यंत गोष्ट वादळाची. पण इंजिनिअरांना वादळाइतकीच रोजच्या वाऱ्याची भीती असते. हे वाचून आम्ही स्वतः चकित झालो.

संथ, एकसारखा वारा, ताशी पंचवीस-तीस किलोमीटरचा, ज्यात आपण खिडकी उघडून बसतो, तो वाहत असताना हे लांब हात कधीकधी आपोआप वर-खाली डुलू लागतात. वारा समोरून येतो आणि हात हलतो वर-खाली! दिवा जरासा खाली गेला की त्याच्या दृष्टीने वारा तिरका येतो, आणि मागच्या पत्र्यामुळे तो तिरका वारा त्याला आणखी खाली लोटतो. वर जाताना उलट. पतंगाची कन्नी नीट बांधली नाही की तो एकाच लयीत डोकं मारत राहतो, तसलाच प्रकार. इंग्रजीत याला गॅलपिंग म्हणतात, घोड्याच्या दौडीवरून. पोलादी हातात ही हालचाल जिरवणारं फारसं काही नसतं, त्यामुळे एकदा सुरू झालं की बराच वेळ चालतं.

साधारण सेकंदाला एक हेलकावा धरा. रोज फक्त एक तास हात डुलला तरी वर्षाला तेरा लाखांहून जास्त हेलकावे होतात. लोखंडी तार हाताने तुटत नाही, पण पुढे-मागे वाकवत राहिलं की वीस-पंचवीस वेळात तुटते. सिग्नलचा हात इतका वाकत नाही, म्हणून त्याला लाखो वेळा लागतात, पण तत्त्व तेच. धातू थकतो. हात जिथे खांबाच्या प्लेटला वेल्डिंग केलेला असतो तिथे केसासारखी बारीक चीर सुरू होते. वरून रंग, आत चीर, रस्त्यावरून काहीच दिसत नाही.

अमेरिकेत असे हात तुटले. तपासणीत अनेकांच्या वेल्डिंगला चिरा सापडल्या. १९९८ साली लेहाय विद्यापीठातल्या संशोधकांचा या विषयावरचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि २००१ च्या राष्ट्रीय मानकात धातूच्या थकव्याचा हिशोब नव्याने घालण्यात आला. तिथून पुढे नुसतं 'वादळात मोडणार नाही' एवढं सिद्ध करून भागेना. रोजच्या डुलण्यात वेल्डिंगवरचा ताण ठरावीक मर्यादेखाली ठेवायचा, आणि त्याचा एक सरळ उपाय म्हणजे मूळ जाड करणं. टेक्सासमध्ये दुसरी युक्ती निघाली: टोकाच्या सिग्नलवर एक सपाट पत्रा आडवा बसवायचा, पंखासारखा. तो वर-खाली हालचालीला अडवतो. स्वस्त आणि छान.

भाच्याच्या फ्लोरिडात पूर्वी बरेच सिग्नल दोन खांबांमध्ये तार ताणून तिला लटकवलेले असायचे. वादळात ते झोक्यासारखे हलतात, फिरतात, तुटतात. २००४ साली चार्ली, फ्रान्सिस, आयव्हन आणि जीन अशी चार वादळं सहा आठवड्यांत त्या राज्याने सोसली. तेव्हा महामार्गांवरच्या अशाच पोलादी हातवाल्या पाट्यांपैकीही काही पडल्या, पण वेगळ्या कारणाने. हात शाबूत, खांब शाबूत, आणि जमिनीत बोल्टांभोवतीचं काँक्रीट फुटलेलं. वारा लांब हाताला आडवा ढकलतो तेव्हा खांबाला पीळ बसतो, बाटलीचं झाकण फिरवावं तसा, आणि तो पीळ शेवटी पायातल्या बोल्टांवर येतो. पायाच्या हिशोबात हा मुद्दा कमी पडला होता. मग राज्याच्या वाहतूक खात्याने फ्लोरिडा विद्यापीठाकडून त्यावर अभ्यास करून घेतला. म्हणजे नुसता हात जाड करून भागत नाही. ताण कमजोर जागा शोधतोच.

आपल्याला हे लांबचं वाटायला नको. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, १७ माणसं गेली. ४० बाय ४० फुटांची मर्यादा असताना ते जवळपास १२० बाय १२० फुटांचं होतं. व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांच्या अहवालातले आकडे वर्तमानपत्रांत आले होते: त्या दिवशी वारा ताशी सुमारे ८७ किलोमीटर, तो पाया पेलू शकत होता फक्त ४९, आणि पेलायला हवा होता १५८. हा शेवटचा आकडा ओळखीचा वाटला का? वर मुलांनी फळ्यावर घेतलेला तोच, सेकंदाला ४४ मीटर.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं तेव्हा आम्ही गावी होतो. पत्रे कागदासारखे उडताना पाहिले आहेत. उडालेला प्रत्येक पत्रा आम्हीच कधीतरी 'चार खिळे पुरे' म्हणून ठोकलेला होता.

वर्गात हा विषय झाल्यावर मुलांना एक काम दिलं. शाळेच्या वाटेवरचे सिग्नलचे आणि दिव्यांचे खांब बघायचे, हात न लावता, फूटपाथवरूनच. बुंध्याशी बोल्ट किती, नट किती, गंज कुठे, आणि खांबाला आणखी काय काय बांधलंय. यादी आली त्यात सगळ्यात जास्त होते बॅनर. वाढदिवस, निवडून आल्याबद्दल अभिनंदन, ईदच्या शुभेच्छा. १० बाय ६ फुटांचा एक फ्लेक्स म्हणजे साडेपाच चौरस मीटर. वादळ नको, पावसाळ्यापूर्वीचा ताशी ६० किलोमीटरचा झोत आला तरी तो खांबाला ९५ किलोंनी ओढतो. खांब बनवणाऱ्याने तो फ्लेक्स हिशोबात धरलेला नसतो.

शाळेजवळच्या चौकातल्या एका सिग्नलला बुंध्याशी चार बोल्ट आणि तीनच नट निघाले. त्याच खांबाला वर ईद मुबारकचा बॅनर होता, आमच्याच मोहल्ल्यातल्या पोरांनी लावलेला. त्यांच्याशी बोललो. आधी जरा हसले, मग ९५ किलोंचा हिशोब दाखवला तसे गप्प झाले. दुसऱ्या दिवशी बॅनर उतरला. नटासाठी मुलांच्या सह्यांचा अर्ज संबंधित कार्यालयात दिला आहे. पोच मिळाली, नट अजून बसलेला नाही. येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत.