चेहऱ्याचे मलम आणि ‘अ’ जीवनसत्त्व

“डॉक्टर, आठ दिवस मलम लावले. मुरुम गेले नाहीतच, उलट चेहरा लाल झाला, सालपटे निघाली. म्हणून बंद केले.” ही तक्रार माझ्या दवाखान्यात नेहमीची आहे. मलम बहुधा योग्यच असते. ते कसे लावायचे हे मात्र कोणी सांगितलेले नसते.

‘अ’ जीवनसत्त्व म्हटले की आपल्याला गाजर, पपई आणि रातांधळेपणा आठवतो. त्वचेलाही ते लागते. ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापॅलिन ही मुरुमांवरील औषधे याच कुळातली. प्रसाधनांतील रेटिनॉल हे त्यांचे सौम्य भावंड. त्वचेत गेल्यावर त्याचे थोडे थोडे औषधी रूपात रूपांतर होते, म्हणून गुण उशिरा येतो. गाजराचा रस चेहऱ्यावर चोळून मात्र हे काम होत नाही. गाजर खावे, ते उत्तम.

अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली ट्रेटिनॉइनचा मुरुमांवरील उपयोग दाखवून दिला. मुरुमांत मृत पेशी एकमेकींना चिकटून तैलग्रंथीचे तोंड बुजवतात. हे औषध ते तोंड मोकळे करते. दीर्घकाळ वापरल्यास बारीक सुरकुत्या आणि उन्हाने पडलेले डागही फिके होतात. परंतु मुरुमांवर गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. सुरकुत्यांना अनेक महिने. सुरुवातीला मुरुम थोडे वाढल्यासारखेही वाटतात. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

लावण्याची रीत अशी : रात्री सौम्य साबणाने चेहरा धुवावा. पूर्ण कोरडा झाल्यावर, वीस-पंचवीस मिनिटांनी, मटारच्या दाण्याएवढे मलम सगळ्या चेहऱ्याला पातळ लावावे. डोळे, नाकपुड्या व ओठांचे कोपरे वगळावेत. पहिले काही आठवडे एक रात्र आड लावावे. कोरडेपणासाठी साधे मॉइश्चरायझर चालते. जास्त मलम लावल्याने लवकर गुण येत नाही, फक्त आग वाढते. दिवसा ऊनरोधक क्रीम लावावे, शेतात किंवा दुचाकीवर जाताना चेहरा झाकावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. गरोदर असताना किंवा दिवस राहण्याची शक्यता असताना ही मलमे वापरू नयेत. याच कुळातील आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात. गोळ्या चालू असताना व बंद केल्यावर किमान महिनाभर दिवस राहू देऊ नयेत. लग्न ठरलेल्या मुलींनी हे डॉक्टरांना न लाजता सांगावे.

दुसरा धोका ‘गोरे करणाऱ्या’ मिश्र मलमांचा. त्यांत ट्रेटिनॉइनबरोबर हायड्रोक्विनोन आणि स्टेरॉइड असते. पहिले काही दिवस चेहरा उजळतो, म्हणून ट्यूब घरभर फिरते. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसतात, लव वाढते. बंद करताच चेहरा पेटतो. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही शेजारणीची ट्यूब दाखवून औषध मागणारे दुकानात दिसतातच.

वाचकहो, ट्यूबवरचे नाव वाचा, शंका असल्यास ती घेऊन डॉक्टरांकडे जा. योग्य मलम असेल तर तीन महिने धीर धरा.