गॉडझिलाचा लौकिक कुणाच्या कमाईचा?

१९५४ सालच्या ‘गोजिरा’ (म्हणजेच गॉडझिला) या जपानी चित्रपटात लोकल गाडीतला एक छोटासा प्रसंग आहे. रोजच्या प्रवासातली एक तरुणी आणि दोन पुरुष वर्तमानपत्रातल्या बातमीवर बोलत उभे आहेत. आधी किरणोत्सर्गी मासे झाले, मग आभाळातून पडणारा विषारी कचरा झाला, त्यात आता हा समुद्रातून आलेला राक्षस, असं तरुणी म्हणते. नागासाकीतून कसाबसा जीव वाचवून आले आणि आता हे नशिबी, असा तिचा त्रागा आहे. पुन्हा आसरा शोधत पळायचं या विचारानंच शेजारचा पुरुष वैतागतो. अर्ध्या मिनिटात सगळं संपतं. त्या तरुणीचं नावही प्रेक्षकाला कळत नाही.

दोन वर्षांनी हा चित्रपट अमेरिकेत लागला तेव्हा हा प्रसंग त्यातून गेलेला होता.

गाजलेल्या विज्ञानपटांच्या मालिकांबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते: पहिला चित्रपट नाव कमावतो आणि पुढचे दहा त्याच्या पुण्याईवर जगतात. ‘स्टार वॉर्स’, ‘एलियन’, ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या सगळ्यांना ती कमीजास्त लागू पडते. गॉडझिलाचं प्रकरण मात्र याहून गुंतागुंतीचं आहे. ज्या पहिल्या चित्रपटानं हे नाव कमावलं तो जपानबाहेर जवळपास पन्नास वर्षं फारसा कुणी पाहिलाच नव्हता. जगानं पाहिली ती त्याची कातरलेली प्रत. तिच्यावरून जग हसलं, आणि पुढे ‘अणुबॉम्बविरोधी महाकाव्य’ अशी ख्याती पसरली तेव्हा ती सगळ्या मालिकेला सरसकट वाटली गेली. त्या ख्यातीच्या नेमकं उलट काम करणारे चित्रपटही त्यात आले. म्हणून या लौकिकाचा हिशेब एकेक चित्रपट धरून करायला हवा.

सुरुवात समुद्रातच आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेनं बिकिनी बेटांवर ‘कॅसल ब्राव्हो’ ही हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. शास्त्रज्ञांचा अंदाज सहा मेगाटनांच्या आसपासचा होता. स्फोट झाला पंधरा मेगाटनांचा. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या सुमारे हजारपट. जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर ट्यूना पकडत असलेल्या ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी बोटीवर काही तास पांढरी राख पडत राहिली. बोटीवर २३ खलाशी होते. दोन आठवड्यांनी ते याइझू बंदरात परतले तेव्हा त्यांचे केस गळत होते, कातडी भाजलेली होती. त्यांनी आणलेल्या माशांच्या भीतीनं देशभरचा मासळीबाजार हादरला. बोटीचे रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारले. जपानभर चाचण्यांविरुद्ध सह्यांची मोहीम उभी राहिली आणि पुढच्या वर्षभरात सह्या तीन कोटींच्या वर गेल्या. भारतातही पडसाद उमटले. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत सगळ्या अणुचाचण्या थांबवण्याची मागणी केली. अशी मागणी करणाऱ्या पहिल्या राष्ट्रीय नेत्यांत त्यांची गणना होते.

‘गोजिरा’ प्रदर्शित झाला ३ नोव्हेंबर १९५४ रोजी, म्हणजे कुबोयामांच्या मृत्यूला सहा आठवडेही उलटले नव्हते तेव्हा. चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यात एका बोटीच्या डेकवर खलाशी निवांत बसले आहेत, समुद्रात डोळे दिपवणारा प्रकाश होतो आणि बोट पेट घेते. हे दृश्य कशाचं आहे हे त्या वर्षी कुठल्याही जपानी प्रेक्षकाला सांगावं लागलं नसेल.

तोहो या कंपनीनं त्याच वर्षी एप्रिलमध्ये अकिरा कुरोसावांचा ‘सेव्हन सामुराई’ पडद्यावर आणला होता. त्यातले सामुराईंचे म्होरके ताकाशी शिमुरा इथे पुराजीवशास्त्रज्ञ डॉ. यामाने झाले. दिग्दर्शक इशिरो होंडा हे कुरोसावांचे जुने मित्र. तीनदा सक्तीनं सैन्यात भरती होऊन त्यांची उमेदीची वर्षं चीनमध्ये गेली होती आणि युद्धानंतर घरी परतताना त्यांनी बेचिराख हिरोशिमा डोळ्यांनी पाहिलं होतं. संगीतकार अकिरा इफुकुबे यांना युद्धकाळात लाकडावरच्या संशोधनात क्ष-किरणांची बाधा झाली होती. या दोघांना किरणोत्सर्गाची माहिती पुस्तकातून मिळवावी लागली नाही.

चित्रपटाची कारागिरी आज पाहताना हसू येतं, असं म्हणणाऱ्यांनी ती जरा जवळून पाहावी. ट्रिक-फोटोग्राफीचे प्रमुख एइजी त्सुबुराया १९३३च्या ‘किंग काँग’वर लुब्ध होते. काँगसारखा पुतळा एकेक फ्रेम हलवून चित्रीकरण करायचं तर वर्षं लागली असती. हाताशी होते काही महिने. म्हणून माणसाला पोशाखात घालायचं ठरलं. पहिला पोशाख शंभर किलोच्या आसपास भरला. आत होते हारुओ नाकाजिमा. स्टुडिओतल्या दिव्यांच्या उष्णतेत त्यांना काही पावलं टाकणंही जड जाई आणि नंतर पोशाखातून घाम अक्षरशः ओतून काढावा लागे. भोवती पंचविसाव्या हिश्शाच्या प्रमाणात बांधलेलं टोकियो. कॅमेरा नेहमीपेक्षा जास्त वेगानं फिरवायचा, म्हणजे पडद्यावर कोसळणारी इमारत सावकाश, खऱ्या वजनानं कोसळते. आणि ती डरकाळी! प्राण्यांचे आवाज वापरून काही जमेना तेव्हा इफुकुबेंनी डबल बासच्या सैल तारेवर राळ लावलेला चामडी हातमोजा ओढला आणि तो आवाज ध्वनिमुद्रणात संथ केला. सत्तर वर्षांनंतरही ती डरकाळी ओळखायला कुणाला चित्र लागत नाही.

पण ख्यातीचा खरा पाया कारागिरीत नाही. राक्षस निघून गेल्यावर कॅमेरा इस्पितळात जातो. व्हरांड्यात जखमींच्या रांगा लागल्या आहेत आणि एका लहान मुलासमोर धरलेलं किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र जोरात वाजू लागतं. डॉक्टर काही न बोलता मान हलवतो. त्याआधी, टोकियोच्या जळत्या गिंझा भागात एक विधवा आई पोरांना कवटाळून सांगते की आता आपण लवकरच बाबांकडे जाणार. ज्या शहरावर नऊ वर्षांपूर्वी खरंच आग बरसली होती त्या शहराच्या प्रेक्षकांसमोर हे चाललं होतं. ९६ लाख तिकिटं खपली.

शेवटचा पेच तर याहून अवघड. राक्षसाला मारू शकेल असं एकच अस्त्र आहे. पाण्यातला प्राणवायू नष्ट करणारं ते संयुग तरुण शास्त्रज्ञ डॉ. सेरिझावा यांनी शोधलंय. ते एकदा वापरलं की जगातले सत्ताधारी ते आपल्याकडून उकळतील, अणुबॉम्बनंतर आणखी एक संहारक अस्त्र माणसाच्या हाती जाईल, या भीतीनं ते नकार देतात. अखेर तयार होतात ते सगळी टिपणं जाळून, आणि समुद्राच्या तळाशी अस्त्र सोडल्यावर स्वतःच्या हवेची नळी कापून. डोक्यातलं ज्ञानही उरू नये म्हणून. विजयाचा जल्लोष होतो, पण डॉ. यामाने गप्प आहेत. चाचण्या चालूच राहिल्या तर असा दुसरा कुठेतरी उगवेल, असं ते पुटपुटतात.

अमेरिकेत १९५६ साली लागलेल्या ‘गॉडझिला, किंग ऑफ द मॉन्स्टर्स!’मध्ये मूळ ९६ मिनिटांची ८० झाली. त्यातही रेमंड बर या अभिनेत्याचे अमेरिकन पत्रकाराच्या भूमिकेतले नवे प्रसंग घुसवलेले. हायड्रोजन बॉम्बचा उल्लेख त्यात राहिला, हे मान्य करायला हवं. पण लोकलमधली नागासाकीची तरुणी गेली, आणि राक्षसामागच्या चाचण्यांचं सत्य जनतेपासून लपवायचं की नाही यावरून संसदेच्या समितीत झालेली खडाजंगीही गेली. डॉ. यामानेंच्या इशाऱ्याच्या जागी आता जग पुन्हा सुखानं जगेल अशा अर्थाचं निवेदन आलं. अमेरिकेतल्या सर्वसाधारण प्रेक्षकांना मूळ जपानी चित्रपट थिएटरात पाहायला मिळाला तो २००४ साली, त्याच्या पन्नाशीला.

जपानमध्ये तरी पुढे काय झालं? १९६२ साली ‘किंग काँग विरुद्ध गॉडझिला’नं एक कोटीहून जास्त प्रेक्षक खेचले आणि तोहोला गणित कळलं. राक्षस हळूहळू पृथ्वीचा रखवालदार झाला. त्याला पोर झालं. १९६९पासून तोहोनं शाळेच्या सुट्ट्यांत मुलांसाठी ‘चॅम्पियन मात्सुरी’ हे कार्यक्रम भरवले आणि गॉडझिला त्यांचा हुकमी एक्का बनला. पैसे वाचवण्यासाठी जुन्या चित्रपटांतल्या मारामाऱ्या उचलून नव्यात चिकटवल्या गेल्या. १९७३च्या ‘मेगालॉन’मध्ये तर तो शेपटीवर घसरत येऊन लाथा मारतो. १९७५च्या चित्रपटाला दहा लाखसुद्धा तिकिटं खपली नाहीत आणि मालिका नऊ वर्षं बंद पडली. लहानपणी हे चित्रपट पाहिलेल्यांना त्यांचा लळा असतो, तो समजण्यासारखा आहे. पण त्या प्रेमापोटी त्यांना अणुयुगाचं भाष्य म्हणणं म्हणजे होंडांच्या कामाचा अपमान आहे.

या उताराच्या मधोमध एक चित्रपट ताठ उभा आहे. जुलै १९७१चा ‘गॉडझिला विरुद्ध हेदोरा’. योक्काइचीचा दमा, मिनामाताचा पारा यांनी जपान तेव्हा होरपळत होता. आदल्या वर्षी संसदेनं प्रदूषणावर खास अधिवेशन घेऊन चौदा कायदे केले होते आणि चित्रपट लागला त्याच महिन्यात देशाची पर्यावरण संस्था सुरू झाली. दिग्दर्शक योशिमित्सु बान्नो यांचा राक्षस कारखान्यांच्या गाळातून उपजतो, धुराड्यांच्या तोंडाशी बसून धूर ओढतो, आणि तो वरून गेला की माणसांचे सांगाडे उरतात. मुलांच्या सुट्टीतल्या खेळात हे दाखवायला धाडस लागतं. चित्रपटात कच्च्या जागा पुष्कळ आहेत. गॉडझिला तोंडातल्या ज्वाळेच्या जोरावर उलटा उडतो ते दृश्य तर फसलेलंच. तरीही या मालिकेतला दुसरा मान याच चित्रपटाचा.

तिसरा १९८४च्या पुनरागमनाचा, निदान अर्धा. अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघेही टोकियोवर अण्वस्त्र टाकायची परवानगी मागतात आणि जपानचे पंतप्रधान दोघांनाही नकार देतात. टोकियोच्या उपसागरातल्या जहाजावरचा जखमी रशियन अधिकारी क्षेपणास्त्र सुटू नये म्हणून शेवटच्या श्वासापर्यंत धडपडतो. पुढच्या वर्षी अमेरिकन आवृत्ती निघाली तेव्हा संकलकानं प्रसंग असा जुळवला की तोच अधिकारी ते मुद्दाम सोडताना दिसतो. एका मेजावरच्या कात्रीनं अर्थ किती उलटा करता येतो याचं याहून ठळक उदाहरण सापडणं कठीण.

२०१४पासून हॉलिवूडनं सुरू केलेल्या मालिकेला कात्रीचीही गरज उरली नाही. त्यांच्या कथेत बिकिनीचे स्फोट चाचण्या नव्हत्याच. ते गॉडझिलाला मारायचे प्रयत्न होते. म्हणजे ज्या राखेनं खरे खलाशी भाजले तिलाही एक शहाणपणाचं कारण मिळालं. केन वातानाबे यांचे डॉ. सेरिझावा अमेरिकन ॲडमिरलला वडिलांचं घड्याळ दाखवतात. ते हिरोशिमाच्या सव्वाआठला थांबलेलं आहे. दृश्य सुंदर आहे, पण कथा त्याला पुढे कुठेच नेत नाही. आणि २०१९च्या भागात हेच सेरिझावा, अर्धमेल्या गॉडझिलाला जागं करण्यासाठी, स्वतःच्या हातानं अण्वस्त्राचा स्फोट घडवून प्राण देतात. १९५४च्या सेरिझावांनी अस्त्र जगाच्या हाती पडू नये म्हणून जीव दिला होता. त्याच नावाच्या माणसाकडून बॉम्बला संजीवनी ठरवून घेणं, हे या मालिकेच्या इतिहासातलं सगळ्यात दुःखद पान आहे. या चित्रपटांना मूळ ‘गोजिरा’च्या लौकिकात वाटा देता येणार नाही.

त्या लौकिकाला साजेसं काम पुन्हा टोकियोतच झालं. २०१६च्या ‘शिन गॉडझिला’त हिदेआकी आन्नो आणि शिंजी हिगुची यांनी २०११ची त्सुनामी आणि फुकुशिमा समोर ठेवलं. प्राणी नदीतून बोटींचा ढीग ढकलत येतो आणि मंत्री एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत जातात. त्याला गोठवायला शेवटी वापरतात त्या काँक्रीट पंपाच्या लांब सोंडेच्या गाड्या. फुकुशिमात अणुभट्टीच्या टाक्यांवर पाणी टाकायला खरोखर अशाच गाड्या आणल्या होत्या. मग ३ नोव्हेंबर २०२३ रोजी ताकाशी यामाझाकी यांचा ‘गॉडझिला मायनस वन’ आला. सुमारे ३५ जणांच्या चमूनं ६१० ट्रिकदृश्यं केली आणि त्या विभागाचं ऑस्कर पहिल्यांदा जपानी चित्रपटाला मिळालं. त्याहून मोलाचं म्हणजे त्याचा नायक मरायला नकार दिलेला कामिकाझे वैमानिक आहे. आपल्या सरकारनं आपल्याच माणसांचे जीव कवडीमोल ठरवले, असं त्यातले माजी नौसैनिक उघड बोलतात.

एवढं सगळं मांडूनही एक पोकळी उरते. सत्तर वर्षांच्या या मालिकेत जपानी माणूस जवळपास नेहमी बळी आहे. चीनमध्ये, फिलिपिन्समध्ये, कोरियात त्याच्या सैन्यानं जे केलं ते या पडद्यावर येत नाही. होंडा चीनमध्ये होते, तरी ‘गोजिरा’तही ते नाही. अपवाद शुसुके कानेको यांच्या डिसेंबर २००१च्या चित्रपटाचा. त्यांच्या गॉडझिलाला बुबुळं नाहीत, डोळे पांढरेफटक आहेत, आणि त्याच्या अंगात पॅसिफिक युद्धात जपानी सैन्याच्या हातून मेलेल्यांचे अतृप्त आत्मे आहेत. जपान ते विसरला म्हणून तो आलाय, असं एक म्हातारा सांगतो. थिएटरांत हा चित्रपट ‘हामतारो’ या चिमुकल्या हॅमस्टरच्या बालपटाला जोडून दाखवला गेला, त्यामुळे पोराबाळांना घेऊन आलेल्या कुटुंबांनी तो पाहिला. बावीस वर्षांनी आलेला ‘मायनस वन’ युद्धाच्या जखमांवरचाच आहे, पण त्यातही या मृतांना जागा नाही.