पाम बीचची १४ वळणं

वाशी ते बेलापूर हा पाम बीच मार्ग. एका अंगाला खाडी आणि कांदळवन, पुढे मोकळा सहापदरी रस्ता. नवी मुंबईकर पाहुण्यांना हौसेनं दाखवतात तो हाच. रात्री उशिरा गाड्या पिटाळणारी पोरंही इथंच येतात, आणि त्यांच्या अपघातांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. या रस्त्यावर २०२५च्या हंगामासाठी अधिकृत शर्यत आखली गेली. सप्टेंबरमध्ये महापालिका आणि रेसिंग प्रमोशन्स या आयोजक कंपनीचा करार झाला, डिसेंबरची फेरी जाहीर झाली, नकाशाही ठरला: ३.७५३ किलोमीटरचा फेरा, १४ वळणं, पाम बीचवरून नेरूळच्या तलावाला वळसा, आणि सगळं रात्री, दिव्यांच्या उजेडात.

ही फेरी इंडियन रेसिंग लीगची. ही मालिका २०२२ साली हैदराबादेत हुसेनसागरच्या काठावर सुरू झाली. सहा संघ, प्रत्येकाच्या दोन गाड्या आणि चार चालक. चौघांत एक स्त्री असलीच पाहिजे, हा नियम मला या मालिकेतला सर्वांत मोलाचा वाटतो. स्त्रियांसाठी वेगळी शर्यत नाही, वेगळी गाडी नाही. २०२४चं विजेतेपद मिळवणाऱ्या गोवा एसेसच्या चमूत चेक चालक गॅब्रिएला यिल्कोवा होती, ती याच नियमाखाली.

गाडी सर्वांना एकच: इटलीत बनणारी वुल्फ जीबी०८ थंडर. हे वुल्फ नाव जुनं आहे. वॉल्टर वुल्फच्या संघानं १९७७ साली फॉर्म्युला वनमधली आपली पहिलीच शर्यत अर्जेंटिनात जिंकली होती, जोडी शेक्टरच्या हातून. आजची थंडर कार्बन फायबरची आहे. तिच्यात ॲप्रिलियाचं मोटरसायकलच्या घराण्यातलं ११०० सीसी इंजिन, सुमारे २२० अश्वशक्तीचं, आणि गाडीचं वजन चारशे किलोंच्या आसपास. ती स्पोर्ट्स कार आहे, म्हणजे चाकं अंगाखाली झाकलेली. रस्त्यावरच्या शर्यतीत याला फार महत्त्व आहे. उघडं चाक उघड्या चाकाला भिडलं की गाडी हवेत उडू शकते. झाकलेल्या चाकांच्या गाड्या पुष्कळदा अंग घासून पुढे जातात. सर्वांची गाडी सारखी असल्यानं चालकाची चूक यंत्रावर ढकलता येत नाही.

पण रस्त्यावरच्या शर्यतीचं खरं काम गाडी येण्याआधीच सुरू होतं. दोन्ही बाजूंना काँक्रीटचे अडथळे आणि वर जाळी लावायची, दुभाजक आणि गतिरोधक काढायचे, डांबर सारखं करायचं, मॅनहोलची झाकणं पक्की जखडायची. हे शेवटचं काम किरकोळ वाटतं, पण तसं नाही. २०२३ साली लास वेगासमध्ये फॉर्म्युला वनच्या पहिल्याच सरावात रस्त्यातलं एक झाकण सुटलं आणि कार्लोस साइंझच्या फेरारीचा तळ फाटला. चालकाचा जीव वाचतो तो अशा कामांमुळे, आणि टाळ्या मात्र त्याला एकट्याला मिळतात.

चेन्नईनं हे सगळं सोसलं आहे. तिथली रात्रीची शर्यत डिसेंबर २०२३मध्ये व्हायची होती. मिचाँग चक्रीवादळानं ती उधळली. सार्वजनिक रस्ता शर्यतीला द्यावा का, हा वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला. अखेर ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर २०२४ला ती झाली, तीही पावसात, सुरक्षा प्रमाणपत्राची वाट पाहत. नेरूळकरांनीही हा प्रश्न विचारायलाच हवा. घरापुढचा रस्ता बंद होणार त्यांचाच, आणि गोंगाट सोसायचा खाडीकाठच्या पाखरांनी.

मला खटकते ती गोष्ट वेगळी. पहिल्या हंगामातले संघ हैदराबाद, चेन्नई, बंगळूर, गोवा, दिल्ली आणि कोची यांच्या नावाचे होते. महाराष्ट्रातलं एकही शहर नव्हतं. आधीच्या एक्स-वन लीगमधला मुंबई फाल्कन्स हा संघ पुढे आखाती देशांत धावू लागला. २०२३ साली त्याच्याच गाडीतून आंद्रेआ किमी अँटोनेली फॉर्म्युला रीजनल मिडल ईस्टचा विजेता झाला, जो आज मर्सिडीजकडून फॉर्म्युला वनमध्ये धावतो. नाव मुंबईचं, धावणं वाळवंटात. मुंबईचा जेहान दारूवाला २०२०मध्ये साखीरला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. तो घडला युरोपातल्या ट्रॅकवर. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. कोल्हापुरात निदान मोहिते रेसिंग अकादमी आहे, तिथं पोरांच्या हाती गो-कार्ट येते.

चाकणला गाड्या बनतात, पुण्यात एआरएआय त्या तपासते, आणि या राज्यात आंतरराष्ट्रीय दर्जाचा एकही कायमचा ट्रॅक नाही. कोइमतूरजवळ कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे.  पाम बीचवरचे अडथळे शर्यतीनंतर उचलावेच लागतात, रस्ता शहराला परत द्यावाच लागतो. ज्याला गाडी वेगानं आणि शहाणपणानं चालवायला शिकायचं आहे, त्या नेरूळच्या पोराला त्यानंतरही चेन्नईची गाडीच पकडावी लागते.