धम्माचा रोजनामा

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासात, वस्त्यावस्त्यांतील विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, मग खीर वाटली जाते. पोथीच्या पारायणात आणि यात फरक तो काय उरला? प्रश्न कडू आहे, पण तो आपणच विचारला पाहिजे. बाबासाहेबांनी हा ग्रंथ आजारपणाशी झुंजत लिहिला. तो छापून आला १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. त्यातल्या वाक्यांना आकडे घातले आहेत, ते तपासत वाचण्यासाठी. ग्रंथ डोक्यावर घेऊन मिरवण्यासाठी नव्हे.

म्हणून वाचनानंतर प्रत्येकाने रोज अर्धे पान लिहावे. आम्हा वकिलांना रोजनामा ठाऊक असतो. त्या तारखेला कोर्टात कोण हजर, कोण गैरहजर, काय झाले, एवढेच त्यात येते; वकिलाचे भाषण येत नाही. धम्माची वहीही तशीच हवी. आज कोणते शील मोडले? सुनेला कोण काय बोलले? सोयरीक जुळवताना पोटजात कोणी काढली? (ती अजून काढली जाते, हे सगळ्यांनाच माहीत आहे.) ‘मुसावादा वेरमणी’ म्हणणाऱ्याने निदान स्वतःच्या वहीत तरी खोटे लिहू नये. सम्मा सती म्हणजे नुसते डोळे मिटून बसणे नव्हे.

ज्या आजीला लिहिता येत नाही तिने सांगावे, नातीने लिहावे. वही विहारात जमा करू नये, कोणाला दाखवूही नये. तीन महिन्यांना शंभरपानी वही पुरते.